मेधा नामिबियाला गेली, मला न सांगता

मंडळी, आज दुपारी इथे बहरीनमध्ये, सीफ भागातल्या माझ्या ऑफिसात जेवताना एका सहकाऱ्याने इन्स्टाग्रामवरचा फोटो दाखवला. नामिबियात वाळूच्या टेकड्या थेट समुद्रात उतरतात, तिथे माझी मैत्रीण मेधा तिच्या ट्रेकिंग ग्रुपबरोबर उभी होती.

ही सहल आम्ही दोघींनी वर्षभर आखली होती. गेल्या महिन्यात ती म्हणाली, "लीव्ह मिळत नाहीये गं, राहू दे." मी विश्वास ठेवला.

लगेच फोन केला. ती म्हणाली, "तुझा गुडघा दुखतो. वाळूत सगळ्यांना तुझ्यासाठी थांबावं लागलं असतं. हे तुला कसं सांगणार होते?"

सांगितलं असतं, तर मी सोबत येऊन किनाऱ्यावर बसून राहिले असते.

इथल्याच बुदैया गावात आम्ही शेजारीशेजारी राहतो. शुक्रवारी ती परत येईल. माझ्या जागी तुम्ही असता, तर तिच्याशी बोलला असता का?