चाळीने चालवलेला अंतराळवीर

पूजेच्या दिवशी व्हिडिओ दाखवायची आमच्या मुलुंडच्या चाळीत पद्धत होती. सकाळी सत्यनारायण, दुपारी जेवण, संध्याकाळी पटांगणात भाड्याचा कलर टीव्ही. कॅसेट कमिटी निवडायची आणि कमिटी म्हणजे सेक्रेटरी. त्यांना पौराणिक सोडून काही चालत नसे. पण एका वर्षी व्हिडिओ लायब्ररीवाल्याने पौराणिकाच्या कव्हरात चुकून इंग्रजी पिक्चर घालून दिला. बदलून आणायला जावं तर दुकान बंद. मग मला टीव्हीशेजारी उभं केलं, कारण बी.एस्सी.ला असलेली चाळीत मी एकटीच. आमच्या घराण्यात तर दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली, आणि हे मी आजही आवाज खाली न आणता सांगते.

पिक्चर असा की एका माणसाचं यान लाल ग्रहावर कोसळतं. सोबतचे मरतात, हा एकटा उरतो. घरी बायको वाट बघतेय. शेवटी तो आत असताना यानाचं दार आपोआप बंद होतं आणि पिक्चर संपतो. मी मराठीत सांगत गेले आणि चाळ अशी गुंतली की शेवटाला कोणी उठेना. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या काकी त्यानंतर वर्षभर, मी पाण्याला खाली उतरले की विचारायच्या, "गो, तो घराक पोचलो काय?" जणू तो माझ्या वर्गातच होता.

मला काय माहीत? मलाही तेच हवं होतं.

शेजारच्या खोलीतला माझा मित्र माझ्याइतकाच त्या पिक्चरने पछाडलेला. त्याचे भावोजी दुबईला. ते सुट्टीवर आले ते रबरी बटणांचा कॉम्प्युटर घेऊन, आणि सोबत एका गेमची कॅसेट. मित्र धावत आला. "पार्ट टू आहे यार. तिथूनच पुढे. दार बंद होतं ना, तिथूनच."

मी बाबांना सांगितलं. बाबा गिरणीत युनियनचे कार्यकर्ते होते, संपानंतर मरोळला एका कारखान्यात लागले होते. कमिटीत त्यांचा शब्द थोडा चाले, फार नाही. त्यांनी मीटिंगमध्ये विषय काढला तेव्हा सेक्रेटरींनी विचारलं म्हणे, की मशिनवरचा पिक्चर बघायला लोक बसतील ही जबाबदारी कोणाची? बाबा म्हणाले, माझी. माझी मुलगी सांगते म्हणजे आहे. त्यावर सेक्रेटरींनी, बघू या शिकलेल्यांची मजा, असं काहीतरी म्हटलं. घरी येऊन बाबांनी एवढंच विचारलं, "नक्की ना?" मी नक्की म्हटलं. गेम मी अजून पाहिलाही नव्हता.

पूजेच्या संध्याकाळी सतरंज्या अंथरल्या. मित्राने टेपरेकॉर्डर जोडून कॅसेट लावली. गेम मशिनमध्ये चढताना असा किंचाळल्यासारखा आवाज सुरू झाला की पुढच्या रांगेतली लहान पोरं रडायला लागली. सेक्रेटरी बाबांकडे बघून हसले. शेवटी एकदाचा आवाज थांबला आणि पडद्यावर यानाचं चित्र आलं. टाळ्या पडल्या. चित्राखाली इंग्रजी ओळी, कोपऱ्यात ऑक्सिजनचा आकडा, बस. पुढे काही हलेना.

"काय म्हणतोय?" कोणीतरी विचारलं.

मी म्हटलं, तो यानात अडकलाय आणि विचारतोय की आता काय करायचं.

"कोणाला विचारतोय?"

"आपल्याला."

सेक्रेटरी म्हणाले, "आपल्याला काय माहीत? पिक्चर त्याचा आहे ना?"

तुम्ही सांगाल ते आम्ही टाइप करायचं, मग तो तसं करणार, हे समजावता समजावता माझा घसा बसला. ज्या क्षणी ते कळलं, त्या क्षणी चाळीची जनरल बॉडी मीटिंग सुरू झाली. एकाने बंदूक शोधायची सूचना मांडली, दुसऱ्याने अनुमोदन दिलं. बायकांचं म्हणणं, आधी खायला काय आहे ते बघा. सेक्रेटरींना राहवलं नाही, ते उठून हात मोजायला लागले. मोजणी चुकली म्हणून पुन्हा मोजले. तेवढ्यात ऑक्सिजन संपला आणि तो गुदमरून मेला.

"संपला तुमचा पार्ट टू," सेक्रेटरी बाबांना म्हणाले. "ह्याच्यापेक्षा जाहिरात मोठी असते."

बाबांचे कान लाल झालेले मला दिसले. मित्राने घाईघाईने गेम पुन्हा सुरू केला. काकी पुढे सरकून माझ्या पायाशीच येऊन बसल्या. "आदी हवा खंय गळता ता बघ गो." बघितलं. नळीला भोक होतं. ते बुजवल्यावर आकडा थांबला आणि बायकांच्या बाजूने जो ओरडा झाला, तो क्रिकेटलाही ऐकला नव्हता.

त्यानंतर कोणाला उठायचं सुचलं नाही. खोकी उघडली, टॉर्च मिळाला, दोरखंड मिळाला. मग वाटेत सहा पायांचा एक प्राणी आडवा बसला. पोरं म्हणाली, मारा. मारायला गेलो तर त्यानेच आमच्या माणसाला खाल्लं. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा प्राणी आला तसे बाबा उभे राहिले. "मारामारी नंतर. आधी विचार त्याला, मागणी काय आहे?"

मी विचारलं. प्राण्याला उजेड हवा होता. टॉर्च दिला, त्याने रस्ता सोडला.

"बघा," बाबा सगळ्यांकडे वळून म्हणाले, "बोलणी केली की होतं."

इंजिन सुरू झालं. यान उडायला तयार, फक्त एक बटण दाबायचं बाकी. काकींनी हात जोडले होते. तेव्हाच सेक्रेटरी पुढे आले. गच्चीवरची टाकी रोज स्वतः चढून बघणारा माणूस तो. म्हणाले, इंजिन लागलं खरं, पण बाहेरून कोणी तपासलं का? मी सांगितलं, काका, आता दार उघडायचं नाही. ते म्हणाले, मत घेऊ. आणि चाळीने, टाकीच्या प्रत्येक ठरावाला त्यांच्यामागे जायच्या सवयीने, हात वर केले. मी नाइलाजाने टाइप केलं. दार उघडलं, तो बाहेर फेकला गेला, यान त्याच्याशिवाय उडून गेलं.

मग काकी स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "सेक्रेटरीन मारल्यान तेका."

सेक्रेटरींचा चेहरा इतका पडला की मलाच कसंतरी झालं. भाड्याच्या टीव्हीवाला वायर गुंडाळायला आलाच होता. सेक्रेटरींनी त्याला थांबवलं आणि खाकरून सांगितलं की पुढच्या रविवारी टीव्ही परत लागेल, हाच कार्यक्रम.

"रविवारी पूजा नाही," बाबा म्हणाले.

"नसू दे. माणूस घरी पोचवायला पूजा लागत नाही."

"मग ठराव मांडा."

त्यांनी मांडला. बाबांनी अनुमोदन दिलं, आणि हात मोजायची गरज पडली नाही.

घरी आलो. आईने चहा टाकला. आमच्याकडे पहिला कप नेहमी बाबांचा. त्या दिवशी त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला.

"घे," म्हणाले. "पण रविवारी मत कोणीही घेऊ दे, दार उघडू नकोस."