डावा हात खिशात

सोपानकाकांचा डावा हात मी पहिल्यांदा नीट पाहिला तो त्यांनी चहाचा कप धरला तेव्हा. त्याआधी तासभर ते माझ्या गाडीतले जुने सॉकेट उघडून बघत होते आणि तो हात सगळा वेळ पॅन्टच्या खिशात होता. मला वाटलं, हाताला काही इजा असेल, विचारायचं कसं? शेवटी न राहवून विचारलंच, तर म्हणाले, "धड हाय की, ताई. दोन्ही हात लागले तर करंट छातीतनं जातो. एक खिशात आसला म्हंजे घरी वाट बघणारीची वाट वाया जात न्हाई."

गाडी म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढायचं फिरतं घर, कॅरव्हान. गोल कोपऱ्यांची, पत्र्याची, आत लाकडी कपाटं. पूर्वी कधीतरी कुणा परदेशी इंजिनिअरने कारखाना उभारताना राहायला आणली होती म्हणे. मी घेतली तेव्हा ती राजगुरुनगरजवळच्या एका मळ्यात उभी होती आणि तिच्यात कोंबड्या नांदत होत्या. मी डोळे तपासून चष्मे बनवते. चाकणच्या कंपन्यांतले कामगार नंबर काढायला एकदा यायचे आणि चष्मा न्यायला पुन्हा, म्हणजे दोन खाडे. कंपनीच्या गेटसमोरच नंबर काढायचा, तिथेच काच घासायची आणि शिफ्ट सुटल्यावर तासाभरात चष्मा हातात द्यायचा, असं माझ्या डोक्यात होतं. त्यासाठी काच घासायचं मशीन, तपासणीचा दिवा आणि पंखा घरातल्यासारखे सॉकेटवर चालायला हवे होते. रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत मला मीटर कोण देणार? म्हणून सोलर.

दोन इलेक्ट्रिशियन गाडी बघून, हसून निघून गेले. सोपानकाका हसले नाहीत. ते रहाटणीच्या जुन्या शेतकरी घरातले, एका कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. शेताच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या तरी त्यांच्या बोलण्यातला मावळ हललेला नव्हता. त्यांनी मला एक वही आणायला लावली. "आत काय काय चालवणार त्याची हजेरी लिवा. कोण किती खातंय ते बी." मी हौसेने यादीत इलेक्ट्रिक किटलीही लिहिली. त्यांनी वाचलं आणि वही परत दिली. "किटली आली की मी गेलो. चहा समोर टपरीवर मिळतोय."

मग पंधरा दिवस ते स्कूटरवरून येत राहिले. छताच्या फासळ्या कुजलेल्या होत्या, म्हणून पॅनेलचं वजन छतावर न टाकता त्यांनी खालच्या लोखंडी सांगाड्यातून चार खांब वर काढले. परदेशी सॉकेटात आपल्या पिना जात नव्हत्या. ते सगळे बदलले, आतल्या वायरीही ओढून काढल्या. बाकाखाली बॅटरी ठेवली आणि तिला खेटून इन्व्हर्टर, मधली वायर जाड आणि वीतभर. इतकी आखूड का, असं विचारलं तर म्हणाले, "पाटाचं पाणी लांबनं आणलं की वाटंत मुरतं. शेतकऱ्याच्या पोराला हे शिकवाया लागत न्हाई." मशीन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मी पंखाही लावून ठेवला होता. त्यांनी तो बंद केला. "मोटार उठताना हपापल्यावानी खाती. ती उठंस्तवर बाकीच्यांनी दम धरायचा."

त्यांच्या पिशवीत एक बल्ब असायचा. साधा होल्डर, दोन हात वायर आणि टोकाला दोन पिना. सॉकेट उघडण्याआधी ते मला विचारायचे, "बंद हाय का, ताई?" मी हो म्हटलं तरी बल्ब लावून बघायचेच. त्याचीही रीत होती. आधी टपरीवरच्या चालू सॉकेटात बल्ब पेटतो का बघायचं, मग आमच्याकडे लावायचा आणि पुन्हा टपरीवर जाऊन यायचं. "बल्बच गेला आसंल तर समदं बंदच दिसतं," असं ते म्हणत. मला ही येरझार बघून हसू यायचं, आणि ते मी फारसं लपवतही नसे.

त्यांची अट एकच होती. बाहेरून लाइन घ्यायची नाही. घ्यायची वेळ आलीच तर त्यांना सांगायचं, ते सोय करतील. एकाच वायरीत दोन वाटांनी वीज शिरली तर कुठली चालू आणि कुठली बंद हे कुणालाच सांगता येणार नाही, हे त्यांनी मला दोनदा समजावलं होतं. मी दोनदा मान डोलावली होती.

पुढच्या पावसाळ्यात चार दिवस ऊन पडलं नाही. चौथ्या दिवशी एक क्रेन चालवणारा आला. दुसऱ्या दिवशी कंपनीत डोळ्यांची तपासणी होती. नवा चष्मा नसेल तर त्याला क्रेनवरून उतरवणार होते. काच अर्धी घासून झाली आणि इन्व्हर्टर बॅटरी उतरल्याची कुंईकुंई करू लागला. मी घाबरले. इन्व्हर्टर बंद केला, दोन्ही टोकांना पिना असलेली एक वायर टपरीवाल्यांनी दिली, तिचं एक टोक त्यांच्याकडे लावलं आणि दुसरं माझ्या मागच्या सॉकेटात. मशीन फिरू लागलं. तेवढ्यात खिडकीतून स्कूटर दिसली. मी मशीन, दिवा, पंखा सगळं बंद केलं आणि मागच्या सॉकेटावर पडदा ओढला. वायर काढायच्या आतच काका पायरीवर आले, ती तशीच राहिली.

"चार दिस ढग हायेत, म्हणलं बॅटरी बघून यावी," ते म्हणाले. "मशीनचा सॉकेट बी ढिला झालाय, तेवढा आवळतो. इन्व्हर्टर बंद हाय का, ताई?"

"बंद आहे, काका," मी म्हणाले. तेवढं खरं होतं.

बल्बची पिशवी स्कूटरला राहिली होती आणि बाहेर भुरभुर चालू होती. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जाऊ द्या. तुमी म्हणताय की." त्यांनी सॉकेट उघडून उजवा हात आत घातला आणि पुढच्या क्षणी ते मागच्या कपाटावर आदळले. डावा हात खिशात होता म्हणून वाचले.

पाणी पिऊन ते पायरीवर बसले. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी ती वायर आधी टपरीकडून, मग माझ्याकडून काढायला लावली आणि कटरने तिचे दोन तुकडे केले. चूक सगळी माझीच, असं मी पुन्हा पुन्हा म्हणत होते. "लपवलं ती तुमची," ते म्हणाले. "न तपासता हात घातला ती माझी. ज्याची त्यानं आपल्याकडं ठेवावी." मग विचारलं, "ज्याच्यापायी केलं त्याचा चष्मा झाला का?"

"अर्धा झालाय."

"मग आधी तो करा." पिशवी मागवून त्यांनी बल्ब लावून पाहिला, सॉकेट आवळला, बॅटरीचा आकडा वाचला आणि इन्व्हर्टर सुरू केला. दिवा नको, पंखा नको, फक्त मशीन. दारातून येणाऱ्या उजेडात मी उरलेली काच घासली. बॅटरीत तेवढं होतं. मी फोन करून विचारलं असतं तर त्यांनी हेच सांगितलं असतं. क्रेनवाला चष्मा लावून गेला आणि क्रेनवर राहिला. पुढच्या आठवड्यात काकांनी एक मोठा खटका बसवला. आता सूर्याची वीज येईल किंवा टपरीची, दोन्ही एकदम येऊच शकत नाहीत.

त्यानंतर चार वर्षं ते येत राहिले. रागावले कधीच नाहीत, पूर्वीसारखेच किटलीवरून चिडवायचे. एकच गोष्ट बदलली. "बंद हाय का, ताई?" हे विचारणं थांबलं. मी शेजारी उभी असायची आणि ते न बोलता बल्ब घेऊन टपरीकडे निघायचे. मला ते फार लागायचं, पण तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

काका या उन्हाळ्यात गेले, झोपेतच, घरच्या माणसांत. माझं घर त्या गाडीवर चालतं आणि ती गाडी त्यांच्या हातावर चालत आली. हे त्यांच्यासमोर बोलायला गेले की ते वायरीचं काहीतरी काढायचे. म्हणून आता लिहिते आहे.

ते शेवटचे आले ते गेल्या हिवाळ्यात, रिक्षाने. गुडघ्यांमुळे स्कूटर सुटली होती. आता येणं जमणार नाही, असं सांगून त्यांनी पिशवीतून बल्ब काढला आणि माझ्या हातात दिला. "आज तुमी बघा."

मी इन्व्हर्टर बंद करून टपरीवर गेले. बल्ब पेटला. परत येऊन गाडीतल्या एकेका सॉकेटात लावला, मागच्या सॉकेटात दोनदा. कुठेच पेटला नाही. पुन्हा टपरीवर गेले, पेटला. परतताना लक्षात आलं, माझा डावा हात ओढणीखाली कुर्त्याच्या खिशात होता.

काका मशीनच्या सॉकेटासमोर बसले होते. मान न वळवता त्यांनी विचारलं, "बंद हाय का, ताई?"

"बंद आहे, काका."

त्यांनी डावा हात खिशातून बाहेर काढला आणि दोन्ही हातांनी सॉकेट उघडायला घेतला.