जीवनशेठचा प्रॉम्प्टर

काशीदच्या नाट्यमंडळात येसाजीने तीस वर्षं प्रॉम्प्टिंग केलं. विंगेत बसून, वहीत डोकं घालून, त्याने किती राजे बोलते केले! पदरचा एक शब्द मात्र कधी घातला नाही. मंडळ बंद पडलं आणि त्याला गावचे पुढारी जीवनशेठनी भाषणांसाठी ठेवून घेतलं. शेठचा आवाज नगाऱ्यासारखा, पाठांतराच्या नावाने बोंब. येसाजी पडद्याआडून वाक्य सोडी, शेठ ते अर्थाकडे न बघता गरजत.

निवडणुकीत वाक्यं गोड होती. "खाडीपलीकडचा कारखाना तुमचाच! घराघरात पगार आणीन!" येसाजीची कल्पिता तिथे पॅकिंगला लागली, तेव्हा बापाचा ऊर भरून आला.

मग मंदी आली. पहिली पाळी बंद झाली. शेठ म्हणाले, "मंदी? ती परदेशात!" दुसरी बंद झाली. "देशासाठी पोटाला चिमटा काढा." तिसरीही गेली. "बाहेरच्यांनी आपला घास पळवला!" येसाजीच्या मंडळात पाच भूमिका करणारा नटही इतक्या झटपट मिशा बदलत नसे.

आता कारखान्याला टाळंच लागलं. आजच्या सभेच्या कागदावर वाक्य होतं, 'टाळं लावलं ते कामचुकार कामगारांनी.'

"शेठ, हे नको. माझी पोर हाय त्यात."

"तू प्रॉम्प्टर हायेस का लेखक? गप वाच!"

पडद्याच्या फटीतून येसाजीला पहिल्या रांगेतली कल्पिता दिसत होती. कारखाना कधी उघडणार, एवढंच विचारायला बायका आल्या होत्या.

"आणि या कारखान्याला टाळं लावलं ते..." शेठनी हात उंचावला आणि कान मागे केला.

मागे शांतता.

"कोनी वो शेठ?" गर्दीतून आवाज आला.

येसाजीने कागद उलटा ठेवला. "मालकाने," तो कुजबुजला. "आणि मालक माझे व्याही!"

"मालकाने!" शेठ गरजले. "आणि मालक माझे व्याही!"

खरंच होतं ते. गेल्याच महिन्यात शेठच्या मुलाचा मालकाच्या मुलीशी गुपचूप साखरपुडा झाला होता, आणि तिथलं भाषणही येसाजीनेच पुरवलं होतं.

कल्पिता उभी राहिली. "मंग व्याह्यांना आत्ताच फोन लावा, शेठ! कारखाना कवा उघडताव, ते इचारा!" बायकांनी व्यासपीठाला वेढा घातला.

घामाघूम शेठ पडद्याकडे वळले. माइक चालूच होता, त्यामुळे अख्ख्या मैदानाने ऐकलं, "येसाजी, पुढचं सांग रे!"

येसाजी तोवर पायऱ्या उतरून बायकांत जाऊन उभा राहिला होता.