गढीच्या खंदकातली भिंत

सदानंद शेट्येला काळजी करायला कारण लागत नसे. शारजाच्या फ्लॅटमधून निघताना तो गॅसचं बटण तीनदा बघायचा आणि खाली गाडीपाशी पोचल्यावर बायकोला, कुंदाला, इंटरकॉमवरून चौथ्यांदा बघायला लावायचा. कुंदा जागची न हलता "बंद आहे हो" म्हणायची. तेवढ्यावर त्याची गाडी सुरू व्हायची.

पण मातीच्या बाबतीत त्याची काळजी वेगळी होती, तिथे कोणी त्याची थट्टा करू नये. देवरूखहून आल्यावर त्याने पंधरा वर्षं एका कंत्राटदाराकडे साइट सुपरवायझरची नोकरी केली. १९९१ साली मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वस्तीत ड्रेनेजच्या चरात सकाळी त्याला एक भेग दिसली होती. इंजिनिअर घाईत होता, म्हणून सदानंद गप्प बसला. दुपारी चर ढासळला आणि एक माणूस गेला. चौकशीत सदानंदला कुणी काही विचारलंच नाही. तेव्हापासून कुठलाही खड्डा दिसला की तो आधी कडेने फिरायचा आणि भेगा शोधायचा.

१९९७च्या हिवाळ्यात कंपनीने त्याला रास अल खैमाच्या बाजूला एका उत्खननावर पाठवलं. खजुरांच्या बागांपलीकडे एक टेकाड होतं. तिथून नवा रस्ता जायचा होता आणि त्याआधी चार महिन्यांत टेकाडाखाली काय आहे ते बघायचं होतं. निघाली ती गढी. सहाशे वर्षांपूर्वीच्या कुणा मातबर माणसाचं कच्च्या विटांचं घर, आणि त्याच्या चारी बाजूंना बुजलेला खंदक. काम बघत होत्या मीनाक्षी देवस्थळी. पुण्यात शिकलेल्या, पस्तिशीच्या, उन्हाने रापलेल्या आणि जेवायचं विसरणाऱ्या. त्यांना एकच गोष्ट ठरवायची होती. ह्या खंदकात खरोखर पाणी खेळवलेलं होतं का, की तो कोरडाच होता? वाळवंटाच्या काठावर पाण्याने भरलेला खंदक म्हणजे त्या धन्याकडे केवढी सत्ता असेल, असं त्या सांगू लागल्या की सदानंदही चहा विसरायचा.

उत्तर एका भिंतीत होतं. खंदक आडवा कापून बाईंनी तीन मीटर उंचीची मातीची भिंत मुद्दाम सरळ, ओळंब्यात उभी ठेवली होती. तिच्यावर थर दिसत. वाळू, राख, चिखल, पुन्हा वाळू. शनिवारी तिचं चित्र काढायचं, नमुने घ्यायचे, आणि पुढच्या आठवड्यात सगळं बुजवून रस्त्यासाठी मोकळं करायचं.

"मॅडम, हिला उतार द्यायला पाहिजे," सदानंद रोज म्हणायचा.

"उतार दिला तर वाचू काय, सदानंदभाऊ? कोणी हात लावायचा नाही हिला."

गुरुवारी संध्याकाळी भिंतीच्या माथ्यावर बोटभर भेग दिसली. शुक्रवारी सुट्टी. सदानंद घरी जेवायला बसला, पण आमटीत त्याचं लक्ष नव्हतं. कोरडी वाळू एकदा सुटली की सुटलीच. हात धुऊन त्याने किल्ली उचलली, तशी मुलगी इशिता वैतागली. "बाबा, इट्स फ्रायडे! यू प्रॉमिस्ड!"

"दोन तासांत येतो," तो म्हणाला. दीड तास तर नुसतं जायलाच लागायचा.

साइटवर खैरुद्दीन आणि हमदुल्ला हे दोघे पठाण राखणीला होते. सदानंदने शेजारच्या बागेतून पाण्याचा टँकर मागवला आणि आयुष्यभर जे केलं तेच केलं. काँक्रीटचा कॉलम घट्ट व्हावा म्हणून ओला ठेवून क्युअरिंग करतात तशी भिंतीवर गोणपाटं सोडली आणि वरून पाइपने हळूहळू पाणी मारलं. "धीरे, हमदुल्ला, धीरे. जैसे बच्चे को नहलाते हैं," तो सांगत होता. अर्धा टँकर संपला तेव्हा भेग मिटल्यासारखी दिसली. त्याला फार बरं वाटलं. "सुबह बोरी निकाल देना," असं सांगून तो समाधानाने घरी गेला. त्या रात्री त्याने गॅस एकदाच बघितला.

शनिवारी तो पोचला तेव्हा बाई शिडीने खाली उतरून भिंतीला नाक लावून बसल्या होत्या. त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा फुलला होता. "सदानंदभाऊ, बघा तरी! सगळे रंग वर आलेत. काल दव खूप पडलं का हो इकडे?"

"हो मॅडम," सदानंद म्हणाला. "दव."

थापच होती ती, पण किती सोपी. बाईंनी तळाशी बोट टेकवलं. तिथे काळसर, चिकट थर चमकत होता. "ओल अजून धरून आहे. पाणी होतं, सदानंदभाऊ. खंदकात पाणी होतं!" त्यांनी नमुन्याचे डबे भरायला घेतले.

सदानंद खाली उतरला आणि भिंतीच्या पायाशी अंगठा दाबून बघितला. अंगठा पेरभर आत गेला. काँक्रीट पाणी पिऊन घट्ट होतं, माती पिऊन जड होते. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही, पण काल काळजीपुढे अक्कल चालली नव्हती. वरचा भाग उन्हाने सुकून फुटणार, खालचा ओला पाया बसणार, आणि बरोबर तिथेच बाई मांडी घालून डबे भरत होत्या. सांगावं तर नोकरी गेली, आणि बाईंचं उत्तरही गेलं. वर जाऊन तो भेग बघून आला. अंगठा मावेल एवढी झाली होती.

"मॅडम, वर या."

"थांबा हो, दहा मिनिटं."

"मॅडम, दव नाही ते. मी काल पाणी मारलंय. अर्धा टँकर."

बाई उठल्या. हातातला डबा तसाच धरून शिडी चढल्या आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. आवाज चढला नाही, हेच जास्त वाईट होतं. "चार महिने. एकच प्रश्न होता माझा. आता ही ओल त्यांची की तुमची, कसं सांगू मी?"

सदानंदने वाकून शिडी वर ओढून घेतली.

"शिडी द्या. निदान चित्र तरी काढू द्या."

"नाही मॅडम."

तेवढी लांब शिडी साइटवर एकच होती. तो तिच्यावरच बसला. नऊ वाजले, अकरा वाजले. खैरुद्दीन समजावून गेला. कंपनीचा मॅनेजर रणजित शारजाहून पिकअप घेऊन आला आणि लांबूनच ओरडला, "शेट्ये, मॅडमला शिडी द्या यार, खलास करा! भिंत तर उभी आहे!"

होती खरी उभी. बारा वाजले, दोन वाजले, वाळूचा कणसुद्धा सुटेना. सगळे एकदा भिंतीकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत होते. सदानंद मनातल्या मनात देवाला विनवत होता, पाड, आता तरी पाड. आणि आपण काय मागतोय हे लक्षात आल्यावर त्याला स्वतःची शिसारी आली. बाईंची सहाशे वर्षं पडावीत, म्हणजे शेट्ये खरा ठरेल!

चार वाजता बाई त्याच्याजवळ येऊन बसल्या. डोळे लाल होते. "नक्की पडणार होती का हो?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. "नाही सांगता येत," तो म्हणाला.

"मग आता?"

"आताही नाही सांगता येत."

रणजितने हाताने खूण केली, चला, तुमचं काम संपलं इथलं. सदानंद उठला. बाईंनी शिडीसाठी हात पुढे केला. त्याने शिडी खांद्यावर घेतली, बाईंना वळसा घालून पिकअपपर्यंत नेली, मागे टाकली, दोरीने दोनदा बांधली आणि पुढे जाऊन बसला.

"ती साइटची शिडी आहे," रणजित म्हणाला.

"माहीत आहे. यल्ला, चला."

मागे भिंत अजून उभीच होती.