पार्वतावहिनीला वाचून दाखवलेलं पान

आजवर हे माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला नाही सांगितलं, पोरींना नाही. तुम्ही निवांत बसला आहात, तर सांगते — पण मधे टोकू नका, नाहीतर मी पुन्हा भलतंच काही सांगत बसेन. तेवढी हुशारी माझ्यात लहानपणापासून आहे.

लढाईच्या सालांतली गोष्ट. वाशीमच्या बाहेर आमचा भाजीचा मळा होता. मी बारा वर्षांची, चौथी पास, आणि मळ्यात वाचता येणारी एकटीच. बाबांना त्याचं कोण कौतुक! ज्या वकिलांच्या घरी भाजी द्यायचे, त्यांच्याकडून माझ्यासाठी पुस्तकं मागून आणायचे. दुपारी बाया मेथी-सांभाराच्या, म्हणजे तुमच्या कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत आणि मी वाचून दाखवी. जुड्या बांधायला लागत नसत, हा त्यातला फायदा.

एकदा एका वाजंत्र्याचं आत्मचरित्र आलं. आपल्याच वऱ्हाडातला माणूस. आधी लग्नाच्या बँडात होता, मग मुंबईच्या हाटेलात गोऱ्यांपुढे जाझ वाजवायला लागला. जाझ म्हणजे काय, ते मला तरी कुठं ठाऊक? पण त्यानं काही म्हणता काही लपवलं नव्हतं — दारू, खोटी वचनं, दोस्ताची चोरलेली चाल. "पेला तं पेला, वरून छापून बी आणलं," असं गिरजाआजी म्हणाली आणि साऱ्याजणी हातातल्या जुड्या टाकून हसल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी तीच येऊन बसली. शिव्या देत देतच बायांनी त्या माणसाला जीव लावला.

आता पार्वतावहिनीचं सांगायला हवं — मघापासून टाळतेच आहे. माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ मुंबईला गिरणीत गेला तो गेलाच. सात वर्षं ना कागद, ना निरोप. वहिनी आमच्यातच राहायची. माझं न्हाणं, माझी वेणी, माझे रुसवेफुगवे, सगळं तिच्याकडे. आमच्यात नवऱ्यानं टाकलेल्या बाईला दुसरा घरोबा करता येतो, पाट लावतात, त्यात कमीपणा नाही. तिच्या भावानं मानोऱ्याकडचा एक बिजवर पाहिला होता. दोन लहान पोरींचा बाप, स्वतःची विहीर, मान खाली घालून बोलणारा गरीब स्वभावाचा माणूस. वहिनीचं मन झालं होतं. फक्त एकदा मला म्हणाली, "अन् हे परत आले तं, बाई?"

त्याच आठवड्यात वाचता वाचता ते पान आलं. काय होतं त्यात? 'मी बायकोकडे परत गेलो नाही. तिनं वाट पाहणं सोडून पाट लावला, आणि तिनं केलं तेच बरोबर.' बस, एवढंच. वाचताना माझे डोळे नेहमी पुढे पळायचे आणि तोंड मागून यायचं. मी वर पाहिलं. वहिनीच्या हातातली जुडी तशीच थांबली होती.

आणि मी वाचलं — हो, वाचलंच म्हणते — की तो दहाव्या वर्षी परत आला. दारात उभा राहिला. बायको वाट पाहतच होती, त्यानं तिचे पाय धरले. त्याच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, हेही मी घातलं. इतकं बारीक खोटं कुठून सुचलं असेल मला? गिरजाआजीनं पदर डोळ्यांना लावला.

वहिनीनं भावाला नाही म्हणून कळवलं.

बायांनी मग माझ्याकडून त्या वाजंत्र्याला कागद लिहून घेतला. "दादा, तुमी बायकोले अंतर नाही देलं, आमाले लय बरं वाटलं." मी छापखान्याच्या पत्त्यावर टाकला, म्हटलं, कुठला पोचतोय. महिन्याभरात त्याचं कार्ड आलं. 'असं मी कुठंही लिहिलेलं नाही. तुमच्यात कुणी वाट पाहत असेल, तर तिला सांगा — माझ्यासारखे परत येत नाहीत.'

कार्ड वहिनीनंच आणून माझ्या हातात दिलं. मानोऱ्याचा तो माणूस तेव्हा अजून थांबला होता, दुसरीकडे होकार दिला नव्हता. मला ते माहीत होतं. पहिल्या वेळी पोरकटपणा म्हणा हवं तर. पण या वेळी? तिच्या तोंडाकडे पाहत मी वाचलं, 'सर्व भगिनींना नमस्कार. आम्ही दोघं सुखात आहोत.' वहिनी इतकी हसली, इतकी हसली. कार्ड मी चुलीत घातलं.

भाऊ आला नाही. मानोऱ्याच्या घरात दुसरी बाई नांदली. वहिनी आमच्याकडेच म्हातारी झाली, रोज कुंकू लावून. आल्यागेल्याला सांगायची, "माह्या नणंदेनं पुस्तक वाचून मले धीर देला." मी तिथंच बसलेली असे.

कुणाला सांगितलं असतं, तर म्हणाले असते, पोरीला वहिनीची कीव आली. मीही बरीच वर्षं तेच धरून होते. कीव नव्हती हो. त्या दिवशी तिच्या चेहऱ्याकडे पाहून मला कळलं, की पानावरचं ऐकलं तर ही जाईल. तिकडे मानोऱ्याला, त्या दोन पोरींच्या वेण्या घालायला. मला ती आईहून आवडायची. म्हणून मी तिला जाऊ दिलं नाही.