खड्यांचा सोडा

"मोल म्हणजे काय? सांग."

लॅबच्या इनचार्ज सरांनी हे सगळ्यांसमोर विचारलं. प्लांटचे दोन सुपरवायझर होते, स्टोअरचा माणूस होता, लॅबमधल्या दोघी मुली होत्या. दाराबाहेर गमबूट घातलेले लहानूमामा उभे होते. त्या बुटांनी लॅबमध्ये यायला त्यांना मनाई होती.

मला मोल येत होता, पदार्थाचे कण मोजायचं माप. अकरावीपासून येत होता. बी.एस्सी.ला माझी केमिस्ट्रीच होती. पण सात माणसं एकदम बघायला लागली की मला बोलता येत नाही. मी टेबलाकडे बघत राहिले.

"सर, यांच्या पाड्यावर पायलीनं मोजतात. मोल कुठून येणार?" एक सुपरवायझर म्हणाला.

सगळे हसले. दोघींपैकी एक हसली नाही. ती हातातल्या बाटलीचं लेबल वाचत राहिली.

"आणि म्हणे इंग्लिश मीडियम," सर म्हणाले. "सरकारच्या पैशानं."

तारापूरच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात मी ट्रेनी होते. चौथा महिना चालू होता. सहा महिने नीट गेले की कायम करणार होते. आमच्या एका उत्पादनाच्या प्रत्येक बॅचमध्ये शेवटी आम्ल उरतं, ते सोडा टाकून मारावं लागतं. दर वेळी दोनशे बारा किलो सोडा. म्हणजे बरोबर दोन हजार मोल. त्या सकाळी नमुना माझ्याकडे आला तेव्हा निम्म्याहून जास्त आम्ल तसंच होतं. मी तीनदा टायट्रेशन करून आम्ल मोजलं. तिन्ही वेळा तेच. तसंच शीटवर लिहिलं आणि बॅच थांबली.

म्हणून ही परीक्षा.

शेवटी सरांनी स्वतः ब्युरेट हातात घेऊन नमुना तपासला. उत्तर माझंच आलं. ते मला काही बोलले नाहीत. दाराकडे वळले.

"म्हणजे सोडा कमी टाकला यानं."

"नाय सायेब," लहानूमामा म्हणाले. "चार पोती नं वर बारा किलो. काट्यावर मोजून टाकलाय. पन या टायमाचा सोडा खड्यांचा हाय. पिटासारका नाय."

"तुला विचारलं का कोणी?"

सरांनी कागद ओढला आणि भराभर लिहिलं. कामगाराने सोडा कमी टाकला, केमिस्टने तपासून खात्री केली. कागद माझ्यापुढे सरकवला.

"कर सही. म्हणजे तू सुटलीस."

मामा ठेकेदाराचे कामगार होते. असा कागद झाला की माणूस दुसऱ्या दिवशी गेटच्या आत येत नाही.

इथे मला एक गोष्ट सांगावीच लागेल. लहानूमामा आमच्या शेजारच्या पाड्यावरचे. माझ्या आईला ते बहीण मानतात. मी सहा वर्षांची असताना सरकारी योजनेतून इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळेत गेले. तिथे घरची बोली तोंडातून आली की वर्गाबाहेर उभं करत. मी लवकर शिकले. गप्प राहायला शिकले, आणि आपण कुठले ते न सांगायलाही. कारखान्याजवळ सरावलीत मुलींबरोबर खोली घेतली तेव्हा गाव विचारलं, तर मी फक्त पालघर म्हटलं. नोकरीच्या अर्जात मात्र पाडा, शाळा, योजना सगळं लिहावं लागलं होतं. कारखान्यातल्या पहिल्याच दिवशी मामांनी मला ओळखलं. "तू आमच्या बायजीची पोर ना गो?"

मी म्हटलं, "नहीं."

हिंदीत म्हटलं. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. तेव्हापासून ते मला मॅडम म्हणत होते.

आता ते दारात उभे होते. माझ्याकडे बघतही नव्हते. मी सही करणार, हे त्यांनी धरून चाललेलं होतं. मला सरांचा राग आला होता, पण त्याहून जास्त लाज याची वाटली.

मी पेन खाली ठेवलं.

"मामा, त्या पोत्यातला मूठबर सोडा आना."

घरच्या बोलीत म्हटलं, सगळ्यांसमोर. मामांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे, आणि गेले.

सोडा आला. खडीसाखरेसारखे ओलसर खडे. बरोबर दहा ग्रॅम घेतले. मुशीत टाकून मंद आचेवर ठेवले. खडे आधी स्वतःच्याच पाण्यात विरघळले, मग बुडबुडे आले, मग पांढरं पीठ उरलं. दीड तास लागला. सगळे जेवून आले. मी जागची उठले नाही. मूस गार करून वजन केलं.

दहा ग्रॅमचे उरले तीन पूर्णांक सात.

मी सरांच्या त्याच कागदाच्या मागे लिहिलं. कोरड्या सोड्याचा एक मोल एकशे सहा ग्रॅम. या खड्यांचा दोनशे शहाऐंशी, कारण प्रत्येक मोलामागे दहा मोल पाणी. दोनशे बारा किलो खडे म्हणजे जेमतेम सातशे एक्केचाळीस मोल. हवे होते दोन हजार. पोती बरोबर होती. माल दुसरा होता.

कागद फिरवून सरांपुढे ठेवला. स्टोअरचा माणूस पोत्यावरचं नाव बघायला गेला तो परत आलाच नाही.

"हे आधी बोलायला काय झालं होतं?" सर म्हणाले.

माफी कोणी मागितली नाही. माझी नाही आणि मामांचीही नाही. त्यांना फक्त सांगितलं, "जा, कामाला लाग."

संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज मऊ होता.

"सगळ्यांसमोर मला शिकवलंस. आता तुला इथे जमणार नाही. राजीनामा दे, अनुभवाचं पत्र चांगलं देतो."

या वेळी बोलता आलं. आलं नसतं तरी मी लिहून दिलं असतं.

"राजीनामा देणार नाही, सर. काढायचं असेल तर काढा. पण कारण लेखी द्या."

गेटबाहेर मामा सायकल घेऊन उभे होते. मी त्यांच्यापाशी गेले आणि म्हटलं, "मामा, मी बायजीचीच पोर." ते म्हणाले, "ठाव हाय." एवढंच. सायकलवर बसून गेले. त्यांनी मला माफ केलं की नाही ते मला माहीत नाही. विचारायचा मला हक्क नाही.

अडीच आठवडे झाले. लेखी कारण अजून आलेलं नाही. मी रोज साडेआठला टेबलावर असते. माझ्याशी कामापुरतंच बोलतात. कागद येईल तेव्हा मी तो शेवटपर्यंत वाचणार आहे. त्यात एक शब्द खोटा असला तरी खाली माझी सही मिळणार नाही.