सूरहून आणलेली अंड्याची वळकटी

मस्कतहून सूरला लोक कासवं बघायला जातात, नाहीतर वाटेतल्या 'वादीं'मध्ये, म्हणजे डोंगरातल्या पाण्याच्या घळींमध्ये, पोहायला. मी गेले ऑम्लेट शिकायला. लायसन्स हातात येऊन जेमतेम चार महिने झाले होते आणि एकटीने शहराबाहेर गाडी काढायची ती पहिलीच वेळ.

कारण डॉमनिक, माझा नवरा. त्याची केमो चालू होती. तिसऱ्या डोसनंतर तोंड आतून पूर्ण सोललं. पेज झोंबायची, दही झोंबायचं. एका सकाळी तो म्हणाला, "इस्माईलचं ते जपानी अंडं असतं ना, तर खाल्लं असतं." आजारपणाआधी दोन वर्षं तो सूरजवळच्या प्रकल्पावर इलेक्ट्रिशियन होता. तिथे जपानी इंजिनिअर होते आणि त्यांच्या मेसचा आचारी होता रत्नागिरीचा इस्माईल. थंड, मऊ, किंचित गोड अशी अंड्याची वळकटी तो रोज सकाळी करायचा. प्रकल्प संपला, मेस बंद झाली. इस्माईल आता सूरमध्येच एका कॉफी शॉपमध्ये होता. फोन केला तर म्हणाला, "भाभी, फोनवर नाय जमायचं. हातानं बघावं लागतं."

शुक्रवारी सकाळी साडेसहाला निघाले. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चही शुक्रवारी; ते बुडवलं. डॉमनिकजवळ नणंद बसली होती. मस्कतमधल्या आमच्या हमरियातून बाहेर पडून कुरियातचा रस्ता धरला. जाणाऱ्यांसाठी सांगते: रस्ता उत्तम आहे, सव्वादोन-अडीच तास लागतात. पेट्रोल तेव्हा इतकं स्वस्त होतं की पाच-सहा रियालात माझ्या छोट्या गाडीची टाकी भरायची. पाणी मात्र घरूनच न्या. कुरियातनंतर डावीकडे समुद्र आणि उजवीकडे उघडे डोंगर सोबत करतात. सुंदर असणार. मी पुढच्या गाडीचे दिवे बघत होते आणि कितव्या डोसपर्यंत डॉमनिकचं वजन तग धरेल याचा हिशेब करत होते.

इस्माईलचं दुकान खाडीजवळ होतं. पन्नाशीचा, ठेंगणा माणूस. मला बघून आधी खुर्ची पुढे केली.

"नाश्ता केलात?"

"आधी शिकवा ना, मला परत जायचंय."

"उपाशी माणसाच्या हातून अंडं फाटतं," तो म्हणाला आणि पराठा-चहा समोर ठेवला. मी खाल्लं. बऱ्याच आठवड्यांनी बसून काहीतरी खाल्लं असावं, कारण पराठा संपल्यावर उठावंसंच वाटेना.

इस्माईलने खणातून एक लहान चौकोनी लोखंडी तवा काढला. जाताना एका इंजिनिअरने दिलेला. वापर नसल्याने गंजलेला. आधी त्याने तो काथ्याने घासला, धुतला, धूर येईपर्यंत कोरडाच तापवला. मग तेलाचा हात फिरवून पुसला. पुन्हा तापवला, पुन्हा तेल, पुन्हा पुसला. असं चार वेळा. शेवटी कांद्याची सालं परतून फेकून दिली. तव्याला काळी चमक आली.

"आता साबण लावायचा नाय. गरम पाणी, मग तेलाचं बोट. घाई केलीत की चिकटला."

मग अंड्यात घालायचं मासळीचं पाणी. तिथल्या बाजारात मिळणारी छोटी सुकी मासळी. डोकी आणि पोट काढून टाकायचं, नाहीतर कडू लागतं. थंड पाण्यात भिजवून मंद उकळायची आणि पाणी गाळून घ्यायचं. वसईच्या बाईला हे सांगायची गरज नव्हती, पण मी ऐकून घेतलं. तीन अंड्यांना तीन चमचे हे पाणी, एक चमचा साखर. "सोया सॉस घालतात, पण त्याचं तोंड आलंय ना? मग खलास. मीठपण नको."

अंडी फेसायची नाहीत, नुसती मोडायची आणि गाळून घ्यायची. तव्याला कागदाने तेल, पातळ थर, वरचा ओलेपणा जाता जाता पलीकडून आपल्याकडे गुंडाळायचं. गुंडाळी पलीकडे सरकवायची, पुन्हा तेल, पुन्हा थर. हा थर गुंडाळीच्या खालीही गेला पाहिजे. इस्माईल आत थोडं ओलसर ठेवायचा. मी सांगितलं, नर्सने कच्चं अंडं अजिबात द्यायचं नाही म्हटलंय. "मग आच कमी, थर पातळ," तो म्हणाला.

माझी पहिली फाटली. दुसरी जळली. तिसरी करताना मी गॅस बंद करून तिथेच रडले. फाटलेली आणि जळलेली, दोन्ही वळकट्या इस्माईलने पावात घालून बाहेरच्या बाकावरच्या दोन गिऱ्हाइकांना दिल्या. परत येऊन म्हणाला, "बघा, खाल्ली त्यांनी. आता चौथी करा."

चौथी जमली.

निघताना त्याने तवा आणि मासळीच्या पाण्याची बाटली पिशवीत घातली. मी पैसे काढले तर रागावला. "डॉमनिकला म्हणावं, लवकर बरा हो. इन्शाल्ला."

परतताना कुरियातच्या अलीकडे डोळा लागला. गाडी पांढऱ्या पट्टीवर घासली आणि टायरच्या आवाजाने जागी झाले. पुढच्या पंपावर थांबून, दारं लॉक करून तासभर झोपले. ही चूक तुम्ही करू नका. थकून निघालात तर सोबत कुणाला तरी घ्या.

संध्याकाळी वळकटी केली. पूर्ण शिजवली, गार केली, सहा तुकडे केले. डॉमनिकने चार खाल्ले. एकेकाला पाच-पाच मिनिटं लागली.

"इस्माईलचं जास्त मऊ असायचं," तो म्हणाला.

"तुझ्या नर्सला विचार," मी म्हटलं. नणंद स्वयंपाकघरात जाऊन नाक शिंकरून आली.

पुढचे अडीच महिने रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी ती वळकटी केली. तवा कधीच चिकटला नाही. मी मात्र उभ्या उभ्या पेंगायची.

उपचार संपले. रिपोर्ट चांगले आले. एका शुक्रवारी मी कौतुकाने वळकटी केली, पहिल्यांदाच सोया सॉस घालून. डॉमनिकने ताटली बघितली आणि हळूच दूर सारली.

"रागावू नकोस," तो म्हणाला, "पण हे आता माझ्यासमोर नको आणू. त्या वासाने सगळं परत आठवतं."

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

"मग काय करू?"

"बोंबलाचं कालवण. तिखट कर, डोळ्यांतून पाणी येईल असं."

मी उठले आणि चिंच भिजत घातली.